कर्लीच्या पाण्यात सागोती : एका जलविहाराचा घटनाक्रम

आपत्ती दुपारी 4 वाजून 35 मिनिटांनी घडली. जीवितहानी झाली नाही; कोंबडी आदल्या रात्रीच गेली होती.

स्थळ : मालवणजवळची कर्ली नदी. देवबागपासून वरच्या अंगाला, पलीकडच्या वेंगुर्ले तालुक्याच्या काठावरचं कांदळवन. तिथी : मार्गशीर्ष अमावास्या. मंडळी पाच. सगळी पुण्याची, सगळी चाळिशी उलटलेली, आणि त्यातली पोहता येणारी दोनच. नावं देत नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या घरी वेगळी हकिगत सांगितली आहे आणि ती अजून टिकून आहे. हुद्दे पुरेत. कप्तान बँकेत अधिकारी आहे. खजिनदार कॉलेजपासून खजिनदारच आहे. इंजिनिअर खरोखरचा इंजिनिअर. डॉक्टर दातांचा. पाचवा मी, वही सांभाळणारा. खालच्या वेळा त्या वहीतल्या आहेत.

बेत कप्तानाचा. त्याने जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' वाचून वाचून खिळखिळं केलंय. 1889 सालचं पुस्तक, पण त्याच्या लेखी ते कालच आलेलं मार्गदर्शक. त्यात आदल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहिल्यापासून त्याच्या अंगात आरमार संचारलं होतं. महाराजांनी 1664 साली भर समुद्रातल्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, मग आपल्याला एक नदी जड आहे का, असा त्याचा सवाल. महाराजांनी आधी इथलं पाणी जाणणारी माणसं गाठली होती, हे गाईड सांगत होता तेव्हा कप्तान फोटो काढत होता.

सकाळी 6.20 (आपत्तीला 10 तास 15 मिनिटं)

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी चहा घेऊन आल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आज अवस आसा. आजच पाण्यात जावचा आसा काय?"

इंजिनिअरने कप खाली ठेवला. त्याने कप खाली ठेवला की समजावं, समोरच्याचं आता प्रबोधन होणार. तो म्हणाला, "आजी, अमावास्या वाईट, पौर्णिमा चांगली, या सगळ्या समजुती. चंद्र इथून पावणेचार लाख किलोमीटरपेक्षाही लांब आहे. तो दिसला काय, न दिसला काय, आमच्या होडीला काय फरक पडतो?"

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि शेजारी वेळ घातली.

आजींनी वाद घातला नाही. "तुमी शिकललीं माणसां," एवढं म्हणून कप गोळा केले.

कोकणातल्या वाचकाला आपत्ती काय ते इथंच कळलं असेल. घाटावरच्यांनी पुढे वाचावं.

सकाळी 7.45 (8 तास 50 मिनिटं)

न्याहारीला घावणे, नारळाची चटणी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. घावणा कागदासारखा पातळ, जाळीदार, तव्यावरून थेट पानात. असं असलं की माणूस मोजत नाही. आम्हीही मोजले नाहीत. आपत्तीच्या कारणांमध्ये चंद्राच्या खालोखाल या घावण्यांचा नंबर लागतो, ते कसं ते पुढे येईलच.

मग आजींनी टोप बाहेर आणला. जर्मनचा, बुडाला काळा झालेला. वर झाकण, आणि झाकण उडू नये म्हणून जुन्या लुगड्याचं फडकं चारी बाजूंनी आवळून वर गाठ मारलेली. आत सागोती. भाजलेल्या खोबऱ्याचा वास फडक्यातूनही येत होता. एका कडेला रस्सा जरा झिरपला होता, तिथे कापडावर लालसर तेलाचा चंद्रकोरीएवढा डाग पडला होता. वडे वेगळे, केळीच्या पानात बांधून वरून वर्तमानपत्र. सोलकढी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. आजी पहाटे चारपासून चुलीपुढे होत्या. म्हणाल्या, "गरम आसतानाच खावा."

डॉक्टरने आपली पेटी भरली : उलटीच्या गोळ्या, क्षारसंजीवनी, तीन प्रकारची मलमं, बँडेज, बँडेज कापायची कात्री. दातांचा डॉक्टर सहलीला निघाला की तो सर्व शाखांचा डॉक्टर होतो.

सकाळी 8.30 (8 तास 5 मिनिटं)

होडी कप्तानाच्या सासुरवाडीच्या ओळखीतून मिळालेली. फायबरची, लहान, मध्ये बसायला आडव्या फळ्या, दोन वल्ही. होडीवाले काका धक्क्यावर उभे होते. साठीचे, सडपातळ, अर्धी चड्डी आणि कानावर विडी. होडीबरोबर ते स्वतः येणार असतील तर हजार रुपये वेगळे.

खजिनदाराने आम्हाला बाजूला घेतलं. "पाच शिकलेली माणसं, दोन वल्ही, आणि नदी वाहणार एकाच दिशेला. हजार रुपयांत हे काका करणार काय?"

नदी एकाच दिशेला वाहते हे शाळेत शिकवतात. डोंगरातल्या नदीपुरतं ते खरंही आहे. देवबागला कर्ली समुद्राला मिळते, आणि समुद्र तिच्या तोंडातून दिवसातून दोनदा आत शिरतो आणि दोनदा बाहेर पडतो. तो आत शिरला की नदी कित्येक मैल उलटी चालते. हे धक्क्यावर उभ्या असलेल्या शाळकरी पोराला ठाऊक होतं. पण त्याला कोणी विचारलं नाही.

काकांना नकाराचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "होडी खंय बांधतलास?"

"एखाद्या झाडाला," कप्तान म्हणाला.

"दोरी लांब सोडा. आणि अडीचच्या आत येवा."

"आणि नाही आलो तर?"

काकांनी कानावरची विडी काढली. "मगे मी येतंय."

सकाळी 9.05 (7 तास 30 मिनिटं)

प्रस्थान. पहिली काही मिनिटं होडी जागच्या जागी गोल फिरली, कारण डावीकडे इंजिनिअर आणि उजवीकडे खजिनदार. एकाचा जोर जास्त, दुसऱ्याचा हिशेब जास्त. कप्तान मागे बसून हुकूम देत होता. ते हुकूम त्याने पुस्तकातून उचललेले होते आणि मराठीत आल्यावर त्यांचा अर्थ कोणालाच लागत नव्हता. धक्क्यावर काका विडी ओढत बघत होते. हसले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

मग होडी आपोआप सरळ झाली आणि वरच्या अंगाला चालू लागली.

सकाळी 10.15 (6 तास 20 मिनिटं)

या तासाबद्दल तक्रार करायला जागा नाही. देवबाग म्हणजे वाळूची लांबलचक चिंचोळी पट्टी : पलीकडे अरबी समुद्र, अलीकडे कर्ली, आणि मधल्या माडांच्या सावलीत घरं. खाली संगमाच्या बाजूला 'त्सुनामी आयलंड' म्हणतात तो वाळूचा पट्टा, त्यावर पर्यटकांची गर्दी आणि पाण्यावरच्या स्कूटरींचा आवाज. आम्ही त्याच्याकडे पाठ फिरवून चाललो होतो. आवाज मागे पडला. काठावर कांदळवन सुरू झालं. कांदळाची मुळं कमानी करून पाण्यात उतरलेली, मध्ये चिप्पीची झाडं. डोक्यावरून एक घार आमच्याबरोबर चालली होती. तिचं लक्ष टोपाकडे होतं असं आता वाटतं.

आणि होडी पळत होती. वल्हं नुसतं पाण्याला टेकवावं, की काठ मागे सरकायचा. इंजिनिअरने काठावरची दोन झाडं धरून वेग काढला, तो आमच्या वयाच्या मानाने अविश्वसनीय निघाला. त्याने त्याची कारणं दिली : वल्ह्याचा कोन, श्वासाची लय, पाच जणांचं वजन नेमकं विभागलेलं. खजिनदाराने वाचलेल्या हजार रुपयांचा पुन्हा उल्लेख केला. डॉक्टरने दंडाचे स्नायू दाखवले.

आम्हाला वर नेत होती ती भरती. अमावास्येची भरती, म्हणजे उधाण. सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढत असल्यामुळे इतर दिवसांपेक्षा दांडगी. मालवणच्या बाजूला पाण्याची चढ-उतार मुंबईएवढी नसते, पण होडीला आणि तिच्यातल्या जेवणाला पुरून उरेल एवढी असते.

इथं कप्तानाच्या पुस्तकाबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यातली मंडळी थेम्स नदीत किंग्स्टनहून ऑक्सफर्डकडे निघतात. थेम्सलाही भरती येते, लंडनच्या मधून आत शिरते, पण ती टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापाशी थांबते, आणि किंग्स्टन त्या बंधाऱ्याच्या वर आहे. म्हणजे त्या अख्ख्या प्रवासात त्यांचा भरती-ओहोटीशी संबंधच येत नाही. जगातल्या सगळ्या नदीपुस्तकांमधून कप्तानाने कोकणासाठी हे निवडलं होतं.

सकाळी 11.20 (5 तास 15 मिनिटं)

वेंगुर्ल्याच्या काठाला लागलो. पाणी काठोकाठ, हलत नव्हतं. जांभ्याच्या एका दरडीतून जाडजूड चिप्पी पाण्यावर आडवी झुकली होती, सावली दाट. यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही असं सर्वानुमते ठरलं. त्या झाडाच्या बुंध्यावर एका उंचीपर्यंत चिखलाचा आणि शिंपल्यांचा पट्टा असतो आणि त्यावरून पाणी किती उतरतं ते कळतं. पण भर भरतीत तो पट्टा पाण्याखाली असतो. निसर्गाने सूचना अशा जागी लावली होती की जी वेळ निघून गेल्यावरच वाचता यावी.

बांधायचं काम इंजिनिअरकडे. काकांनी दिलेली दोरी भरपूर लांब होती. इंजिनिअरने तिची बरीचशी गुंडाळी करून होडीच्या टोकाशी नीट ठेवून दिली, कारण ढिली दोरी म्हणजे गबाळेपणा. होडीचं नाक डोक्यावरच्या फांदीला घट्ट, हातभर अंतरावर बांधलं. गाठ मारताना तो समजावून सांगत होता. ही गाठ साधी नाही. "हिच्यावर जितका ताण येईल, तितकी ती आवळत जाते. हत्ती लावला तरी सुटणार नाही."

हेही वहीत आहे.

सकाळी 11.40 (4 तास 55 मिनिटं)

जेवायचं का, यावर चर्चा. टोपावरचं फडकं अजून कोमट होतं. आजींनी गरम असतानाच खायला सांगितलं होतं. पण घावणे अजून गळ्याशी होते. डॉक्टरचं मत पडलं की दोन जेवणांत निदान चार तास हवेत. खजिनदार म्हणाला, आत्ता थोडं खाल्लं तर नंतर कमी पडेल, त्यापेक्षा चढून येऊ, भूक लागेल, मग एकदाच ताव मारू. ठराव संमत. टोप वर न्यायचा नाही, कारण जड. होडीत मधल्या फळीखाली सावलीला ठेवला, वडे त्याला टेकवून, सोलकढी शेजारी. कोणीतरी टोपाला हात लावून नमस्कार केला. तो मी नव्हतो.

दुपारी 1.10 (3 तास 25 मिनिटं)

वर जांभ्याचं कातळ, त्यापलीकडे काजूच्या बागा. चिपीच्या पठाराची कड लांबवर दिसत होती, तीच जिथे सिंधुदुर्गचा विमानतळ आहे. खाली नदी. या उंचीवरून नीट पाहिलं असतं तर पात्राच्या मध्ये वाळूची एक पिवळट पाठ वर येऊ लागलेली दिसली असती. कप्तानाला ती दिसली. तो म्हणाला, "काय सुंदर बेट आहे! येताना दिसलं नव्हतं." आणि फोटो काढला.

सगळ्यांच्या अंगात नारिंगी लाईफ जॅकेट होती. काढून ठेवली तर हरवतील आणि पैसे भरावे लागतील, असा खजिनदाराचा आदेश. त्यामुळे समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर, काजूच्या झाडाखाली, बुडण्यापासून आम्ही पूर्ण सुरक्षित होतो.

दुपारी 2.30 (2 तास 5 मिनिटं)

सगळे झोपलेले.

इकडे खाली काय चाललं होतं, ते पाण्याच्या नेहमीच्या हिशेबाने सांगता येतं. ओहोटी सुरुवातीला आळशी असते. सहा तासांत जेवढं पाणी उतरायचं, त्यातला बारावा हिस्साच पहिल्या तासात उतरतो. म्हणून आम्ही जाईपर्यंत काही जाणवलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं उतरतं. सव्वाअकराला भरती भरली असेल तर हे दोन तास म्हणजे सव्वा ते सव्वातीन. नेमकी आमची झोप. काकांनी 'अडीचच्या आत' सांगितलं होतं ते याच हिशेबाने. तोवर होडीखाली पाणी राहिलं असतं.

दुपारी 3.40 (55 मिनिटं)

खरोखरची भूक घेऊन खाली उतरलो. पुढे खजिनदार होता. तो थांबला आणि काही बोलेना.

नदी निघून गेली होती. दरडीपासून पात्रातल्या प्रवाहापर्यंत चकचकीत काळा गाळ, त्यातून हजारो मुळं टोकं वर करून उभी, आणि लाल-पिवळे खेकडे एक मोठी नांगी हलवत इकडून तिकडे. आमची होडी झाडाला लटकत होती, खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यासारखी. नाक फांदीशी, सकाळी बांधलं होतं तिथंच, तसूभरही सरकलेलं नाही. शेपूट खाली चिखलात रुतलेलं. मागच्या भागात आमच्या पिशव्या, वल्ही आणि चपला घरंगळून एका ढिगात जमा झाल्या होत्या.

आणि मधल्या फळीला अडकून, कलंडलेला पण शाबूत, गाठ वर केलेला टोप.

गाठीबद्दल इंजिनिअरचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं. होडीचा निम्मा भार घेऊन ती इतकी आवळली होती की दोरीचे पेड वेगळे ओळखू येत नव्हते.

दुपारी 4.00 (35 मिनिटं)

बैठक. सर्वात शहाणी सूचना डॉक्टरने केली : आधी कोणीतरी टोप काढा, मग होडीचं बघू. ती फेटाळली गेली. इंजिनिअर म्हणाला, माणूस चढला की गुरुत्वमध्य बदलेल आणि होडी फिरेल. डॉक्टर तरीही एकटा निघाला, दोन पावलांत गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि त्याला ओढून काढला तेव्हा एक चप्पल तिथेच राहिली. ती आजही तिथे असेल.

कप्तानाची सूचना : सगळ्यांनी मिळून होडी वर उचलायची, म्हणजे ताण कमी होईल आणि गाठ सुटेल. उचलायचा प्रयत्न झाला. चिखलात उभं राहून काहीही उचललं की उचलणारा खाली जातो, हे सगळ्यांना एकाच वेळी समजलं.

राहिला एकच मार्ग, दोरी कापणे. यावर खजिनदाराने हरकत घेतली : दोरी काकांची आहे, कापली तर भरून द्यावी लागेल. दोरीचा भाव काय असेल यावर बराच वेळ गेला. मध्येच कोणीतरी विचारलं की पाणी कधीतरी परत येईलच ना, आपण नुसतं बसून राहिलो तर? पण नुसतं बसून राहण्याची आमच्यापैकी कोणाची तयारी नव्हती. शिक्षणाचा हा एक तोटा.

एव्हाना नदीच्या मध्ये वर आलेल्या वाळूवर गावातल्या बायका मुळे काढायला उतरल्या होत्या. हातात टोपल्या, कमरेला पदर खोचलेला. त्यांनी काम थांबवलं आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दुपारी 4.30 (5 मिनिटं)

चाकू नव्हता. कांदा चिरायचा चाकू होता, पण तो होडीतल्या ढिगात सगळ्यात खाली. मग डॉक्टरची पेटी उघडली. ती मात्र तो पाठीवरच घेऊन फिरत होता. आणि निघाली बँडेज कापायची कात्री.

इंजिनिअर झाडावर चढून फांदीवर पालथा पडला. नायलॉनची तीन पेडांची दोरी, आणि टोकं मुद्दाम बोथट केलेली कात्री. एकेक धागा तुटत होता. कप्तान खालून मोजत होता. 4.31 ला पहिला पेड तुटला. होडी एकदा कुरकुरली आणि टोप फळीवर बोटभर सरकला.

"थांब!" डॉक्टर ओरडला.

4.33 ला दुसरा. खजिनदार दोन्ही हात पुढे करून होडीखाली उभा राहिला, टोप आला तर झेलायला. हे धैर्य त्याने पैशांच्या बाबतीतही कधी दाखवलेलं नाही.

दुपारी 4.35

तिसरा पेड कापावा लागला नाही.

होडीचं नाक सुटलं आणि फटकन गाळावर आदळलं. शेपूट उसळलं. टोप फळीवरून उठला, हवेत सावकाश एक कोलांटी घेतली (सावकाश घेतली असं पाचही जणांचं मत आहे, हा एकमेव मुद्दा ज्यावर मतभेद नाहीत), खजिनदाराच्या हातांवरून पलीकडे गेला आणि तोंड खाली करून चिखलात बसला. गाठ सुटली. झाकण मुळांमधून घरंगळत गेलं. वडे एका रेषेत पसरले. आणि लाल रस्सा काळ्या गाळावर, खेकड्यांनी केलेल्या बारीक पाटांमधून, नदीच्या दिशेने वाहू लागला.

वाळूवरच्या बायका आधी पोट धरून हसल्या. मग त्यातली एक ओरडली, "काय पडला?"

"सागोती," खजिनदार म्हणाला.

हसणं बंद झालं. "कोंबडेची?"

"हो."

"अरे देवा." आणि त्या खरोखर हळहळल्या. पुण्यात इतकी मनापासून सहानुभूती मला कधी मिळालेली नाही.

त्यानंतर

घार पाच वाजायच्या आत दोन फेऱ्यांमध्ये तंगड्या घेऊन गेली. बाकीचं खेकड्यांनी शिस्तीत उरकलं. सोलकढीची बाटली वाचली होती. ती पाच जणांत फिरली. सहाच्या सुमारास सूर्य बुडाला, आणि अमावास्या असल्यामुळे त्याची जागा घ्यायला कोणी आलं नाही.

पावणेसातला अंधारातून वल्ह्यांचा आवाज आला. काका. ठरल्याप्रमाणे. पण त्यांचीही होडी गाळावर येऊ शकत नव्हती, म्हणून ते प्रवाहातच थांबले, बॅटरी आमच्या तोंडावर मारली, विडी पेटवली, आणि तिथूनच शिकवणी सुरू केली. विद्यार्थी उठून जाण्याची शक्यता नव्हती.

"आज तिथ काय?"

"अमावास्या," कप्तान म्हणाला.

"म्हणजे पंधरा धरा. पंधराची पाऊणपट?"

"सव्वाअकरा," इंजिनिअर अंधारातून म्हणाला. आवाज बारीक होता.

"तेवा भरती भरली. तेच्यात सहा मिळवा."

"सव्वापाच."

"तेवा पाणी सुकला. आता वाजले किती?"

याच चालीवर त्यांनी आमच्याकडून अष्टमीही काढून घेतली. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला सुकती. त्या दिवसांत भांगाचं पाणी असतं, चढ-उतार थोडी. तेव्हा हीच होडी, हेच झाड, हीच गाठ असती तर जेमतेम कलली असती. चंद्राचा आणि होडीचा संबंध काय, या सकाळच्या प्रश्नाला हे सविस्तर उत्तर होतं. इंजिनिअरने उपप्रश्न विचारला नाही.

आठ वाजून गेल्यावर पाणी होडीखाली आलं. काकांनी लांब दोरी लावून ओढत आणलं. वल्हवायची परवानगी कोणाला दिली नाही. धक्क्यावर हिशेब झाला : सकाळी वाचलेले हजार, रात्रीचे म्हणून आणखी हजार, कापलेल्या दोरीचे वेगळे. खजिनदाराने घासाघीस न करता मोजले.

आजी ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पायापासून वरपर्यंत बघितलं, चिखल कुठवर आहे ते पाहिलं, आणि विचारलं, "टोप खंय आसा?"

टोप दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुकतीला काकांनी आणून दिला. थोडा चेपलेला. झाकण मिळालं नाही.

कर्लीत, तेरेखोलला किंवा कोकणातल्या कुठल्याही खाडीत स्वतः होडी घेऊन जाणार असाल, तर निघण्यापूर्वी तिथी बघा, तिला पाऊणने गुणा, ती भरती. सहा तास मिळवा, ती सुकती. हा हिशेब ठोकळ आहे. बंदरागणिक तो मागेपुढे होतो, तेवढं धक्क्यावरच्या माणसाला विचारून घ्या. दोरी लांब सोडा. हजार रुपये द्या आणि तांडेल बरोबर घ्या. आणि सागोती गरम असतानाच खा.